जुन्या गाडीची नवी वायरिंग : दोष कसा शोधावा?

(शाखेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात डबा-विद्युत विभाग व मेल मोटर सर्व्हिसमधील कारागिरांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, बढती, बदली हे विषय आपण दर रविवारी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या दारात जुनी अॅम्बॅसेडर किंवा फियाट उभी आहे. कुणाला वडिलांकडून मिळालेली, कुणी भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून घेतलेली. निवृत्तीनंतर तिच्यात नवे दिवे, पंखा, टेप बसवला जातो, डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला जातो. मग तक्रारी सुरू होतात. दिवे मिणमिणतात, बॅटरी रात्रीत उतरते, फ्यूज उडतो, आणि एखाद्या दिवशी डॅशबोर्डाखालून धूर येतो. हे दोष शोधायचे कसे, ते आम्ही आज सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर-इंजिनिअर नाही. डब्याखाली झोपून आणि टपालाच्या गाड्यांचे बॉनेट उघडून शिकलेलो कारागीर आहोत. त्यामुळे जे हाताने तपासता येते तेवढेच सांगू.

हावड्याकडे काम केलेल्या साथींना उत्तरपाडा आणि कोन्नगर यांच्यामधले हिंदमोटर स्टेशन माहीत असेल. कारखान्याच्या नावाने स्टेशन झाले. त्या कारखान्यातून १९५७-५८ च्या सुमारास अॅम्बॅसेडर बाहेर पडू लागली आणि २०१४ साली उत्पादन थांबले. मूळ नमुना इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. आपल्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी तयार होई. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. गाड्या गेल्या, पण घरोघरी ज्या उरल्या त्यांची वायरिंग चाळीस-पन्नास वर्षांची झाली आहे. आज बोलायचे आहे ते या उरलेल्या गाड्यांबद्दल.

आधी हिशेब

कोणत्याही दोषाच्या मुळाशी बहुतेक वेळा हिशेब असतो. जुन्या अॅम्बॅसेडरमध्ये लुकास पद्धतीचा डायनॅमो असे. त्याचे कमाल उत्पादन साधारण १९ ते २२ अँपिअर, आणि तेही इंजिन जोरात फिरत असताना. सिग्नलला गाडी उभी राहिली की तो जवळजवळ काहीच देत नाही. त्या काळी हे पुरत असे. ४५ वॅटचे दोन मोठे दिवे म्हणजे साडेसात अँपिअर, बारीक दिवे दोन, इग्निशन कॉइल साडेतीन, वायपर अडीच. एकूण साडेपंधरा. पावसाळी रात्रीसुद्धा गाडी आपल्या कमाईत भागवी.

आता मालकाने १०० वॅटचे दोन बल्ब लावले. तेवढ्यानेच जवळपास १७ अँपिअर झाले. त्यात बारीक दिवे, कॉइल, वायपर, टेप आणि पंखा मिळवा. बेरीज तिसाच्या घरात जाते. कमाई बावीस आणि खर्च तीस. उरलेले आठ बॅटरीतून जातात. आपल्या घरचा पगार संपून पतपेढीचे कर्ज सुरू होते ना, तसेच. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पाच-सहा तास टिकेल, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. मालक म्हणतो बॅटरी वाईट. तो दुसरी आणतो, तीही उतरते. बॅटरीचा दोष नसतो, हिशेबाचा असतो. म्हणून पहिले काम म्हणजे वहीत सगळ्या उपकरणांचे वॅट लिहा, बाराने भागा, बेरीज करा.

आपल्या रेल्वेने हाच धडा घेतला होता. डब्याखाली पट्ट्यावर चालणारा डायनॅमो आणि २४ व्होल्टचे दिवे असलेले डबे ज्येष्ठ साथींना आठवत असतील. पंखे-दिवे वाढले तसा डायनॅमो गेला. ११० व्होल्टची पद्धत आली, ब्रश नसलेला साडेचार किलोवॅटचा अल्टरनेटर आणि त्याच्यासोबत रेक्टिफायर-रेग्युलेटर आला. पण रेल्वेने नुसता अल्टरनेटर टांगला नाही. तारा बदलल्या, फ्यूज बदलले, जंक्शन बॉक्स बदलले. मोटारगाडीत मात्र लोक फक्त यंत्र बदलतात, जुन्या तारा तशाच ठेवतात. दोष तिथून सुरू होतो.

हात लावण्यापूर्वी

पहिली गोष्ट : गाडीच्या बॉडीला बॅटरीची कोणती बाजू जोडली आहे ते पाहा. आज सगळीकडे निगेटिव्ह अर्थ असते. पण जुन्या ब्रिटिश पद्धतीत पॉझिटिव्ह अर्थ असे. अशा गाडीत आजचा अल्टरनेटर न पाहता जोडला की त्यातले डायोड क्षणात जळतात. बदल करायचा असेल तर बॅटरीबरोबर कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी लागते. रेडिओ असेल तर तोही तपासावा लागतो.

दुसरी गोष्ट : बॉडीला जोडलेली तार आधी काढा आणि शेवटी लावा. उलट केले आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. शेजारी पेट्रोलची नळी असते हे विसरू नका.

तिसरी गोष्ट रेल्वेच्या साथींसाठी. डब्याच्या वायरिंगचे इन्सुलेशन आपण मेगरने बघतो. मोटारीला अल्टरनेटर जोडलेला असताना मेगर पिशवीतच ठेवा. त्याचा ५०० व्होल्टचा मारा डायोड आणि रेग्युलेटरला सोसत नाही. इथे साधा मल्टीमीटर आणि बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो.

चौथी गोष्ट : तारांचे रंग ओळखा. लुकास पद्धतीत तपकिरी तार थेट बॅटरीची, तिला फ्यूज नसतो. पांढरी किल्लीनंतरची, तीही फ्यूजविना. हिरवी किल्लीनंतरची पण फ्यूजमधून आलेली. निळीवर पांढरी रेघ मोठ्या उजेडाची, निळीवर लाल रेघ डिपरची. लाल बारीक दिव्यांची, जांभळी कायम चालू फ्यूजची, काळी अर्थची. चाळीस वर्षांत रंग उडालेले असतात. तार जोडणीतून बाहेर निघते तिथे, टेपखाली, मूळ रंग दिसतो. प्रत्येक तार सोडण्याआधी तिला चिठ्ठी बांधा. आपले टपालवाले साथी हे चांगले जाणतात. पत्ता नसलेली पिशवी आणि चिठ्ठी नसलेली तार, दोन्ही भलत्याच गावी जातात.

दोष शोधण्याची रीत

आर.एम.एस. मधल्या साथींना विचारा, हरवलेली बॅग कशी शोधतात? सगळ्या देशात फिरत नाहीत. कोणत्या सेक्शनने घेतली आणि कोणत्या सेक्शनला मिळाली नाही, एवढे बघतात. बॅग त्या दोघांच्या मध्ये असते. व्होल्टही असेच शोधायचे.

समजा, दिवा मिणमिणतो. इंजिन थोडे जोरात चालू ठेवा आणि दिवा लावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला व दुसरे दिव्याच्या पॉझिटिव्ह टोकाला लावा. मीटर जे दाखवेल तो वाटेत हरवलेला व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. दीड-दोन व्होल्ट दिसले तर वाटेच्या मध्यावर, म्हणजे दिव्याच्या स्विचवर, टोक ठेवा. हरवलेला व्होल्ट अलीकडे आहे की पलीकडे ते कळेल. पुन्हा मध्यावर. चार-पाच वेळात जोडणी सापडते. मग अर्थच्या बाजूनेही तेच करा : बॅटरीचे निगेटिव्ह आणि दिव्याचे अर्थ टोक. इथे दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. दिवा बंद असताना ही तपासणी करून उपयोग नाही, कारण प्रवाह वाहत नसेल तर सडलेली जोडणीही पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. टेबलावर मीटर धरून 'करंट आहे' म्हणणारे इथेच फसतात.

एक-दोन व्होल्टने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. दिव्याचा उजेड व्होल्टच्या साडेतीन घातापर्यंत बदलतो. म्हणजे बारा व्होल्टऐवजी दहा पूर्णांक आठ मिळाले, फक्त दहावा हिस्सा गेला, तरी उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. रात्री घाटात समोरचा दगड त्या तीस टक्क्यांत दिसतो किंवा दिसत नाही. शिवाय हरवलेला व्होल्ट कुठे जात नाही, जोडणीत उष्णता होऊन बसतो. दहा अँपिअर प्रवाहात एक व्होल्ट गेला तर दहा वॅट. सोल्डरिंगच्या छोट्या कावीयाएवढी उष्णता एका चिमटीएवढ्या जोडणीत, प्लॅस्टिकला लागून.

यावर उपाय १०० वॅटचा बल्ब नव्हे. त्याने समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्या तारा तापतात. ६०/५५ वॅटचे बल्ब आणि दोन रिले हा उपाय. जुनी निळी-पांढरी आणि निळी-लाल तार आता दिव्यापर्यंत न नेता रिलेच्या ८६ क्रमांकाला द्यायची. ८५ अर्थला. ३० ला बॅटरीकडून नवी अडीच चौरस मिलिमीटरची तार, तिच्या सुरुवातीलाच १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ पासून दिव्याला. जुन्या स्विचमधून आता रिलेच्या कॉइलपुरता, पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. अडीच चौरस मिलिमीटरच्या चार मीटर तारेत दहा अँपिअरला तीन दशांश व्होल्ट जातात. एक चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे पाऊण व्होल्ट जातो. तार घेताना दुकानदाराच्या 'चालेल हो' वर जाऊ नका.

अल्टरनेटरचे दोष

डायनॅमो काढल्यावर जुन्या कंट्रोल बॉक्सचे काम संपते. दिसायला तो जागेवर ठेवा, पण विद्युतदृष्ट्या बाजूला करा. अल्टरनेटरच्या मोठ्या टोकापासून स्टार्टर सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या टोकापर्यंत नवी, किमान सहा चौरस मिलिमीटरची तार टाका. कंट्रोल बॉक्सवरील 'ए' आणि 'ए-१' च्या तारा एकत्र जोडा, नाहीतर दिवे-इग्निशन मेलेले राहतील. 'एफ' ची तार टोक बांधून बंद करा. 'डी' वरून चार्जिंगच्या लाल दिव्याकडे जाणारी बारीक तार अल्टरनेटरच्या दिव्याच्या टोकाला द्या.

आता लक्षणे. लाल दिवा किल्ली दिल्यावर लागतच नाही आणि चार्जिंगही नाही : बल्ब गेला आहे. या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. त्या जागी एल.ई.डी. लावली तरी हीच तक्रार येऊ शकते. किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहते : कुणीतरी बल्ब वगळून ती तार थेट किल्लीला जोडली आहे, आणि अल्टरनेटर उलट्या वाटेने कॉइल पोसतो आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर किंवा त्याची अर्थ बघा. तेरा दिसले पण अल्टरनेटरच्या टोकाला चौदा असले तर मधली तार बारीक आहे किंवा जोडणी सडली आहे. ज्या गाडीत तीस अँपिअरचा अँमिटर आहे तिथे ४५ अँपिअरचा अल्टरनेटर त्यातून नेऊ नका. अँमिटर जळतो, आणि तो असतो चालकाच्या गुडघ्यांपुढे.

इंजिन रबरावर बसलेले असते. म्हणून इंजिन ते चासी अशी जाड पट्टी असावी लागते. इंजिन उतरवून चढवताना ती लावायची राहते. मग स्टार्टरचा सगळा प्रवाह चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो. स्टार्टर कण्हतो आणि केबल हाताला चटका देते. हे लक्षण दिसले की आधी पट्टी शोधा, स्टार्टर उतरवू नका.

ब्रेक दाबला की मागचे बारीक दिवे मंद होतात, किंवा वळणाच्या दिव्याबरोबर दुसरेही लुकलुकतात : तिथली अर्थ गेली आहे आणि प्रवाह भलत्या बल्बमधून वाट शोधतो आहे. स्क्रूखालचा रंग खरवडा, धातू चकचकीत करा, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. खर्च शून्य. वळणाच्या दिव्यांत एल.ई.डी. घातल्यावर ठोका बिघडला तर वायरिंग शोधत बसू नका. जुना फ्लॅशर २१ वॅटच्या बल्बांच्या प्रवाहावर तापून चालतो. त्याला तो प्रवाहच मिळत नाही. एल.ई.डी. साठीचा फ्लॅशर लावा.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर सगळे बंद करून, किल्ली काढून, बॅटरीची अर्थ तार सोडा आणि मधे मीटर अँपिअरवर लावा. जुन्या गाडीत काही मिलिअँपिअरपलीकडे दिसू नये. अर्धा अँपिअर दिसला तर ४० अँपिअर-तासांची बॅटरी ८० तासांत, म्हणजे सुमारे सव्वातीन दिवसांत रिकामी. एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या वाटेवर आहे. कोणत्याच फ्यूजला पडला नाही तर अल्टरनेटरची तार सोडून बघा. डायोड गळत असेल.

फ्यूज कशासाठी?

आता सर्वांत महत्त्वाचे. मागे एका निवृत्त सॉर्टर साथींची अॅम्बॅसेडर आमच्याकडे आली. ते कुटुंबासह रात्री हमरस्त्याने येत असताना डॅशबोर्डाखालून धूर निघाला. गाडीत पाच माणसे. चालवणाऱ्या मुलाने गाडी बाजूला घेतली, सगळ्यांना उतरवले, बॉनेट उघडून बॅटरीची तार ओढून काढली. माणसे वाचली. आम्ही गाडी उघडली तेव्हा टेपची, पंख्याची आणि हॉर्नची तार एकाच तपकिरी तारेला पिळून जोडलेली, वर काळी चिकटपट्टी, फ्यूज कुठेच नाही. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट नव्हता. पत्र्याच्या धारेने इन्सुलेशन कापले होते. मूळ फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. काम करणाऱ्या गॅरेजने दोन हजार रुपये घेतले होते.

फ्यूज उपकरण वाचवण्यासाठी नसतो, तार वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो तारेच्या सुरुवातीला, बॅटरीच्या बाजूला हवा. आणि आणखी एक फसवा आकडा. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेले असते. तो आकडा उडण्याचा आहे. सतत वाहून नेण्याची क्षमता १७ अँपिअर. आजच्या पात्याच्या फ्यूजवरचा आकडा सतत क्षमतेचा असतो. ३५ च्या जागी ३५ बघून नवा फ्यूज घातला की संरक्षण निम्म्याने गेले, आणि मालकाला वाटते सारखेच घातले. तिथे १५ चा घाला. तो उडाला तर मोठा घालू नका, कारण शोधा.

त्या साथींच्या गाडीत आम्ही चार रविवार घालवले. नवी फ्यूजपेटी, दोन रिले, सर्व जोड क्रिम्प करून, प्रत्येक भोकात ग्रोमेट, बॅटरीजवळ हाताने फिरवायचा मेन स्विच, आणि सीटखाली अग्निशामक. सामानाचे पैसे त्यांनी दिले, मजुरी कुणी घेतली नाही. गाडी आजही चालते.

एक गोष्ट कायद्याची. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीची फी वीस हजार, पुनर्नोंदणीची पाच हजार, आणि नंबरात 'व्ही.ए.' ही अक्षरे. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नसते. म्हणून नोंदणीचा विचार असेल त्यांनी मूळ डायनॅमो, कंट्रोल बॉक्स भंगारात घालू नये. चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावा. नवे काम असे करावे की मूळ तार न कापता ते परत काढता येईल.

साथींनो, शेवटी एवढेच. दोष शोधायला महागडे यंत्र लागत नाही. मीटर, टेस्ट लॅम्प, वही आणि धीर लागतो. ही विद्या आपल्या विभागांत ज्येष्ठांच्या हाताखाली मिळत आली. एकेक ज्येष्ठ निवृत्त होतो तेव्हा एक वही बंद होते. तरुण साथींनी ती बंद होण्याआधी मागून घ्यावी. ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर एकच काम करावे : फ्यूजपेटीचे झाकण उघडून आत चांदी आहे का ते पाहावे. असेल तर उद्या सकाळी गाडी काढू नये. ज्यांना मदत हवी त्यांनी शाखेच्या वहीत नाव लिहावे. पाने आणि मीटर आम्ही आणू, चहा मात्र गाडीवाल्याचा.